पाच शेतांचं गाणं आणि तीन मिनिटं

कुडाळहून माणसं पिंपरी-चिंचवडला जातात ती नोकरीला, नाहीतर पुतण्याचा नवा फ्लॅट बघायला. सहल म्हणून तिकडे कुणी जात नाही. मीही सहलीला गेले नव्हते. मला गाण्यांना मार्क द्यायला बोलावलं होतं. गेले, हिंडले, चांगलंचुंगलं खाल्लं आणि परत आले ती संतापून. घरी आल्यावर यजमान म्हणाले, "अगं, स्पर्धा म्हटली की असं व्हायचंच." ते ऐकून संताप दुप्पट झाला. म्हणून हे लिहायला बसले आहे.

गाड्यांचे सुटे भाग करणारी एक परदेशी कंपनी आहे. बऱ्याच देशांत तिचे कारखाने आहेत, त्यातला एक चाकणला. ही कंपनी दर वर्षी आपल्या कामगारांची आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धा भरवते. एका कारखान्याचा एक संघ, प्रत्येकाने आपल्या मातीतलं एक गाणं म्हणायचं, आणि जो संघ जिंकेल त्याला विमानाने परदेशातल्या मुख्य कचेरीत गायला न्यायचं. या वेळी यजमानपद चाकणकडे होतं. मी आयुष्यभर शाळेत गाणं शिकवलं, बायकांची जुनी गाणी गोळा केली, म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं होतं. फोनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आम्हाला ज्युरीत एक ऑथेंटिक आवाज हवाय." मला तेव्हाच कळायला हवं होतं.

निगडी

प्राधिकरणातल्या एका बंगल्यात परीक्षकांची सोय केली होती. रस्ते सरळ, झाडं रांगेत लावलेली, आणि पत्ता म्हणजे नुसता आकडा. सेक्टर अमुक, प्लॉट तमुक. आमच्याकडे पत्ता सांगायचा म्हणजे वाडीचं नाव, मग फणस, मग व्हाळ म्हणजे ओढा, मग कुणाचा तरी कुत्रा. इथे रिक्षावाल्याला आकडा सांगितला की तो मान हलवतो आणि तुम्ही पोचता. मला हे आवडलं. माणूस हरवत नाही. पण विचारायला कुणापाशी थांबतही नाही, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

सकाळी नाश्त्याला मिसळ होती. लाल तर्री, वर फरसाणाचा डोंगर, शेजारी पाव. कोकणातल्या माणसाच्या पोटाला सकाळी पेज लागते, तिथे हा जाळ. डोळ्यांतून पाणी आलं, पण ताट पुसून खाल्लं. शेजारी बसलेले कोरियाचे पाक साहेब शांतपणे दुसरी तर्री मागत होते. ते दुसरे परीक्षक. सडपातळ, साठीचे, बोलायला फार कमी. त्यांच्याबरोबर कंपनीची एक दुभाषी मुलगी असायची. तिसऱ्या जर्मनीच्या बाई, चौथे पुण्याचे जाहिरातींची गाणी करणारे गृहस्थ, आणि पाचवे कंपनीचे एक अधिकारी.

नाश्त्यानंतर बैठक. संयोजक होता अद्वैत, फोनवरचा मुलगा तोच. ताथवड्याला इंजिनिअर झालेला, तिथेच राहणारा, तिशीच्या आतला. वागायला इतका गोड की त्याच्यावर रागावताना आपलीच आपल्याला लाज वाटावी. त्याने आमच्या हातात मार्कांचे कागद दिले. सूर, ताल, सादरीकरण, गाण्याचा अस्सलपणा. हे रकाने ठीक होते. शेवटचा रकाना होता 'वेळेचा वापर'. त्याला सुरांइतकेच मार्क.

"हे काय?" मी विचारलं.

"मॅडम, गाण्याची मर्यादा तीन मिनिटांची आहे. जेवढं गाणं तीन मिनिटांच्या जवळ, तेवढे जास्त मार्क. हा कॉलम तुम्ही नाही भरायचा, टाइमकीपर भरेल."

"तीन मिनिटांच्या वर जाऊ नये हे समजलं. पण खाली राहिलं तर गुन्हा कसला?"

अद्वैत हसला. "गुन्हा नाही मॅडम. पण आजवर ज्या ज्या देशात स्पर्धा झाली, तिथल्या ज्युरींचे मार्क आम्ही बघितले. जी गाणी वेळ पूर्ण भरतात तीच वर येतात. छोटी गाणी खाली राहतात. म्हटलं, असंच होत असेल तर टीम्सना आधीच कळू दे. म्हणून कॉलम केला."

"म्हणजे परीक्षकांची एक खोड होती, आणि तुम्ही तिचा नियम केलात?"

"ट्रान्स्परन्सी, मॅडम."

मी इतरांकडे बघितलं. पुण्याचे गृहस्थ म्हणाले, "बाई, मी जन्मभर दहा-दहा सेकंदांची गाणी केली. मला तीन मिनिटं म्हणजे चैन आहे. मिळताहेत तर भरावीत." जर्मन बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की गाणं छोटं असलं तर त्यांना टिपण करायला वेळ मिळत नाही, म्हणून लांब गाणं बरं. ऐकून मी थक्क झाले. गाणं आपल्या पेनासाठी थांबून राहावं ही अपेक्षा! मी तासभर वाद घातला. पाळणा मूल झोपलं की संपतो, हे सांगितलं. मग काय, मूल झोपल्यावर त्याला उठवून उरलेला वेळ भरायचा? सगळे हसले. अद्वैतने चहा मागवला. रकाना जागच्या जागी राहिला.

कुरुळी

दुसरा दिवस मोकळा होता. माझी एक जुनी विद्यार्थिनी, वैशाली, कुरुळीत खोली घेऊन राहते आणि चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत काम करते. तिला भेटायला निघाले. निगडीहून भोसरी आणि तिथून चाकणची बस. कंडक्टरला "कुरुळी आली की सांगा" म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. तीच चूक झाली. मोटारी लादलेले लांबलचक ट्रेलर एकामागून एक उभे, त्यांच्यामधून मोटारसायकलींच्या रांगा, पाठीवर सॅक आणि गळ्यात ओळखपत्र घातलेली पोरं. बघता बघता कुरुळी मागे गेली आणि चाकण आलं. उतरताना चपलेचा अंगठा तुटला. मग एक चप्पल हातात धरून शेअर रिक्षाने मागे आले. रिक्षातल्या चारही माणसांनी मला कुरुळी कुठे आहे ते वेगवेगळं सांगितलं. चौघंही तिथेच राहत होते, पण एक लातूरचा, एक बीडचा, एक बिहारचा आणि एक चिपळूणचा. चिपळूणच्याने माझं बोलणं ऐकलं आणि रिक्षाचे पैसेच देऊ दिले नाहीत.

वैशाली रस्त्यावरच उभी होती. "बाई, तुम्ही इलात! आणि चप्पल हातात?"

ती राहते ती चार मजली इमारत म्हणजे नुसत्या खोल्या. प्रत्येक दारापुढे सेफ्टी बूट वाळत घातलेले. खाली मालकांचं घर. मालकीणबाई हिराबाई, सत्तरीच्या, डोक्यावर पदर, हातात मोबाइल. घराणं तिथलं जुनं शेतकऱ्यांचं. जमीन कारखान्यांत गेली, पैसे आले, त्यांनी खोल्या बांधल्या. दारात मोठी गाडी उभी. दु:खी वगैरे मुळीच नाहीत. भाडेकरूंनी जिन्यात थुंकलं तर चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असा आवाज.

"बाई हायती व्हय तुज्या? मग वर कुठं नेतीस? हितंच जेवतील," त्या वैशालीला म्हणाल्या. त्या दिवशी शेंगोळे केले होते. हुलग्याचं पीठ लसूण-मिरची घालून मळायचं, त्याचे बोटाएवढे वळलेले तुकडे उकळत्या रश्शात शिजवायचे. पहिला घास घेतला आणि मी चमकले. हा तर आमचा कुळीथ! आम्ही त्याची पिठी करून भातावर ओततो, हे लोक त्यालाच हुलगा म्हणतात आणि वळून शिजवतात. मी हे सांगितलं तर हिराबाई म्हणाल्या, "पातळ करून पिता? आजारी मान्सासारखं?" मी म्हटलं, "आणि तुम्ही त्याला गाठी मारता." तिथून आमचं जमलं.

जेवताना गाण्यांचा विषय निघाला. मी जुनी गाणी गोळा करते हे वैशालीने सांगितलं. हिराबाईंनी ताट सारलं आणि काही आढेवेढे न घेता सुरू केलं.

*पहिलं शेत खडकी गं, नांगर टेकतो*
*चला गं बायांनो, पुढल्या बांधाला*
*दुसरं शेत पानथळ, पाय रुततो*
*चला गं बायांनो, पुढल्या बांधाला*

तिसरं बाभळीचं, चौथं विहिरीचं, पाचवं माळाचं. एकेका शेताला एकच ओळ, आणि मागे तेच पालुपद. आवाज जाडाभरडा, पण चाल अशी की पावलं पडताना ऐकू यावीत. खडकीपासून निघून बाया खुरपत खुरपत माळापर्यंत जातात आणि तिथे पालुपद बदलतं:

*आता गं बायांनो, वाट घराला.*

आणि झालं. दोन मिनिटंसुद्धा नाहीत. मी आणखी ऐकायला मान पुढे केली होती, ती तशीच राहिली.

"एवढंच?" मी विचारलं.

"आमची शेतं पाचच व्हती, बाई. मी आन माज्या जावांनी केलेलं हाय. मानूस जमिनीत हाय तवर गायचं, मग घरला यायचं."

तेवढ्यात आतून त्यांची सून आली. मनीषा, पस्तिशीची, कंपनीच्या निळ्या शर्टात, दुसऱ्या पाळीला निघालेली. ती दारातच थबकली. "आत्या, परत तेच? मॅडम, ह्यांना सांगा जरा. स्पर्धेला सात शेतं पायजेत."

मी विचारलं, "कसली स्पर्धा?"

मग सगळं उलगडलं. मनीषा त्याच कंपनीत वायरिंगच्या लाइनवर होती, कंत्राटी. चाकणचा संघ तिचाच. गाणं म्हणून तिने सासूचं हे गाणं निवडलं होतं. कंपनीने एक संगीतकार नेमला, त्याने गाणं ऐकलं, घड्याळ बघितलं आणि सांगितलं की हे तीन मिनिटांचं झाल्याशिवाय ज्युरी मार्क देणार नाही. त्याने सहावं आणि सातवं शेत स्वतःच लिहून दिलं. सहावं सोन्याचं, सातवं चांदीचं. वर ढोल, बासरी आणि शेवटी सूर वरच्या पट्टीत.

"सोन्याचं शेत!" हिराबाई म्हणाल्या. "कुणाचं हाय ते? सात-बारा दाखव म्हनावं. आमी पाचच शेतं खुरपली. सहावं कुठनं आनू?"

"आत्या, गान्यातलं शेत हाय ते. कुनी मोजायला येनार न्हाई."

"मी हाय की मोजायला."

मनीषा माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते, पण रागाने. "मॅडम, मी ह्याच कारखान्यात सात वर्षं वायरी जोडते. आमच्या लाइनवरनं कोन विमानात बसलं न्हाई. मला एकदा वरनं बघायचंय सगळं, कसं दिसतं ते. दोन शेतं वाढवली तर काय बिघडलं? जमीन तर सगळीच गेली."

हिराबाई म्हणाल्या, "बाई, तुमी गान्यातल्या जानत्या. तुमीच सांगा हिला."

माझ्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या. आणि मला काहीही बोलायची सोय नव्हती. मी उठले. "मी त्याच स्पर्धेची परीक्षक आहे. मला हे आधी ऐकायला नको होतं. यावर मी एक शब्द बोलू शकत नाही."

मनीषाचा चेहरा पडला. हिराबाई मात्र खूश. "मग तर लई बरं झालं. मी पन येनार ऐकायला."

निघताना वैशालीने आपल्या चपला मला दिल्या. एक माप मोठ्या होत्या. त्याच फटक फटक वाजवत निगडीला आले, आणि वाटेत स्वतःशीच बडबडत होते. बसमधली एक मुलगी सरकून बसली.

पुन्हा निगडी

स्पर्धेच्या दिवशी सकाळीच मी अद्वैतला सांगून टाकलं की एक गाणं माझ्या कानावर आधी पडलं आहे. हवं तर मला त्या संघाला मार्क देऊ देऊ नका. तो म्हणाला, "मॅडम, सो स्वीट. काही प्रॉब्लेम नाही." मला स्वीट कुणी कधी म्हटलं नव्हतं.

दुपारी सभागृह भरलं. कारखान्यातून बसेस भरून लोक आणले होते. थायलंडच्या मुली आल्या, हातातल्या बांबूंच्या तालावर गायल्या. गाणं इतकं नाजूक, आणि त्याचं पहिलं कडवं तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा त्यांच्या स्वतःच्याच चेहऱ्यावर कंटाळा दिसला. कुणीतरी त्यांनाही घड्याळ दाखवलं असणार. मेक्सिकोचे पुरुष मोठ्या टोप्या घालून आले. त्यांचं गाणं मुळातच लांब, रडत-हसत चालणारं, ते तीन मिनिटांत मजेत बसलं. जर्मन संघाने काटा गाठला आणि तिथेच पाय आपटून संपवलं.

आणि मला एक गोष्ट जाणवली, तिची मला अजून चीड येते. गाणं लांबलं की माझंही पेन वर सरकत होतं. पहिल्या मिनिटाला मी मनात जो आकडा धरायची, तो शेवटच्या मिनिटाला एक-दोनने वाढलेला असायचा. गाणं चांगलं झालं म्हणून नव्हे. मी त्याला सरावले म्हणून. आवाज वरच्या पट्टीत जायचा तेव्हाच आम्ही सगळे लिहायला वाकलेले असायचो. बैठकीत मी ज्या खोडीवर तासभर भांडले, ती माझ्या हातातही होती. मी पेन बंद करून मांडीवर ठेवलं आणि ठरवलं, गाणं संपून हात थंड झाल्याशिवाय लिहायचं नाही.

चाकणचा संघ शेवटी आला. मनीषा आणि चार जणी, एकाच रंगाची नऊवारी नेसलेल्या. तिसऱ्या रांगेत हिराबाई आणि वैशाली. ट्रॅक सुरू झाला, ढोल वाजला, बासरी वाजली. मला वाटलं, गेलं गाणं. पण मनीषाने तोंड उघडलं आणि आवाज सासूचाच निघाला, फक्त तरुण. खडकी, पाणथळ, बाभळीचं. मागच्या ढोलांची पर्वा न करता त्या पाच जणी आपल्या पावलांनी चालत होत्या. विहीर झाली. माळ आला. आता सहावं, सोन्याचं.

मनीषाने श्वास घेतला आणि म्हटलं, "आता गं बायांनो, वाट घराला."

चौघींनी तिच्या पाठोपाठ तेच म्हटलं. आणि पाचही जणी थांबल्या.

ट्रॅक थांबला नाही. तो तीन मिनिटांचा भरून ठेवलेला होता. सहाव्या शेताचे ढोल वाजू लागले, बासरीने उडी मारली, आणि रंगमंचावर पाच बाया हात खाली सोडून उभ्या. मनीषाने एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. लोकांत कुजबुज झाली, कुणी हसलं. तिसऱ्या रांगेत हिराबाई उठल्या, पदर सारखा केला, पायांत चपला सरकवल्या आणि बाहेर निघाल्या. त्यांच्या हिशेबाने गाणं संपलं होतं. वैशाली त्यांचा हात धरून "आजी, बसा" म्हणत होती आणि त्या ऐकत नव्हत्या. सातव्या शेताची वरची पट्टी त्या पाच जणींच्या डोक्यावरून वाजत राहिली. मी पुष्कळ कार्यक्रम बघितले, इतकं उघडंवाघडं मला कधी वाटलं नाही. ट्रॅक एकदाचा संपला. मग पाक साहेबांनी एकट्याने टाळी वाजवली.

परीक्षकांच्या खोलीत पुण्याचे गृहस्थ म्हणाले, "बाई ब्लँक झाली. होतं असं कधी कधी."

"ती विसरली नाही. गाणं संपलं," मी म्हटलं.

"छापील शब्दांत अजून दोन कडवी आहेत."

"ती तुमच्यासारख्या कुणीतरी लिहिली आहेत."

पाक साहेबांनी शब्दांच्या भाषांतराचा कागद पुढे केला आणि दुभाषी मुलीकडून विचारलं, "या कागदावर आणखी दोन शेतं आहेत. ती कुठे आहेत?"

"कुठेच नाहीत," मी सांगितलं. "पाच होती. तीसुद्धा आता कारखान्यांखाली आहेत."

त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. थोड्या वेळाने त्या मुलीला काहीतरी म्हणाले. ती म्हणाली, "सर सांगतात, त्यांच्या वडिलांच्या गावात धरण झालं. त्यांना हे गाणं कळलं."

मार्क गोळा झाले. मग एक चर्चा झाली ती मी जन्मात विसरणार नाही. चाकणच्या गाण्याची वेळ कशी धरायची? ट्रॅक पूर्ण तीन मिनिटं वाजला, पण गायन मधेच थांबलं. कंपनीचे अधिकारी म्हणाले, संगीत म्हणजे गाणंच, पूर्ण वेळ द्या, आपलाच संघ आहे. पुण्याचे गृहस्थ म्हणाले, तो पक्षपात होईल. मी म्हटलं, "गाणं जेवढं होतं तेवढं पूर्ण गायलं गेलं. याहून वेळेचा चांगला वापर मला ठाऊक नाही." अद्वैतने नियम काढून वाचला: गायन थांबेल तिथे वेळ थांबेल. रकान्यात जवळजवळ काहीच पडलं नाही.

त्या एका रकान्याने मेक्सिको पहिला आला आणि चाकण तिसरं. तो रकाना झाकून बेरीज केली तर चाकण पहिलं होतं. मी ती बेरीज सगळ्यांसमोर मोठ्याने केली. कुणी खोडून काढली नाही. मेक्सिकोचे लोक छान गायले, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण निकालाचा कागद समोर आला तेव्हा मी म्हटलं, "मी सही करणार नाही."

मला वाटलं होतं, खोलीत काहीतरी होईल.

"चालेल, मॅडम," अद्वैत तितक्याच गोडपणे म्हणाला. "चार सह्या पुरतात."

बक्षीस देताना प्रत्येक परीक्षकाला दोन शब्द बोलायला सांगितले. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, "चाकणच्या बायांचं गाणं पूर्ण झालं होतं. त्यानंतर जे वाजलं ते त्यांचं नव्हतं. ते कंपनीचं होतं. गाण्याला जमिनीच्या तुकड्यासारखं मोजून, कमी पडलं तर शेजारचं ओढून घेणाऱ्या स्पर्धेत मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही." मागच्या रांगांतून, जिथे लाइनवरची पोरं बसली होती, जोराच्या टाळ्या आल्या. मनीषा मात्र खाली बघत होती.

दुसऱ्या दिवशी निगडीच्या बसस्थानकावर वैशाली मला पोचवायला आली आणि तिच्याबरोबर मनीषाही. मला वाटलं, आभार मानायला आली असेल.

"मॅडम, तुमी सगळ्यांसमोर कशाला बोललात?" ती म्हणाली. "मी काय कंपनीच्या विरोधात न्हवते. सहावं शेत माझ्या तोंडाशी आलं होतं. लहानपनापासनं... म्हंजे लग्न झाल्यापासनं तेच गाते, माळ झाला की घराला. जीभ तिकडंच वळली. आन एकदा घराला निघाल्यावर परत शेतात कसं जायचं? मला काय सुचलंच न्हाई. आता सुपरवायझर म्हनतोय, मॅडमनी लई शिकवून ठेवलंय. कंत्राट माझं हाय, तुमचं न्हाई."

मी म्हटलं, "तुझ्यावर अन्याय झाला, मनीषा."

"झाला. मला ठाव हाय. पन तो मला सांगू द्यायचा ना."

ती तिच्या पाळीच्या बसकडे गेली. हिराबाईंशी ती कालपासून बोलत नव्हती, वैशालीने सांगितलं. आणि हिराबाई म्हणत होत्या, "बरं झालं, विमान पडलं असतं तर?"

कुडाळ

घरी येऊन मी कंपनीला सविस्तर कळवलं. गाण्याची लांबी गाणं ठरवतं, मार्कांचा कागद नाही. परीक्षकांना लांब गाण्याची ओढ असते हे तुम्हाला ठाऊक होतं, तर ती ओढ मोडायची की तिला बक्षीस लावायचं? शेवटी लिहिलं की सुपरवायझरने त्या बाईला त्रास देऊ नये, जे बोलले ते मी बोलले. बरेच दिवस उत्तर नाही. मग अद्वैतचा मेल आला. माझ्या अमूल्य सूचनांबद्दल आभार, आणि पुढच्या वर्षीपासून नियम बदलतो आहोत म्हणून आनंदाची बातमी. लोक आता गाणी मोबाइलवर बघतात आणि लांब असलं की पुढे ढकलतात. त्यामुळे मर्यादा तीन मिनिटांवरून दोन मिनिटं केली आहे. 'वेळेचा वापर' हा रकाना तसाच राहील.

मी तो मेल यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला. म्हणजे यंदा थायलंडच्या मुलींनी ताणलं, पुढच्या वर्षी मेक्सिकोवाले आपलं रडणं अर्ध्यावर तोडतील! ते म्हणाले, "पण तुझ्या चाकणवालीचं बसेल की." मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

त्यांचं म्हणणं खरं निघालं. पावसाळा संपताना एकदा दुपारी मनीषाचा फोन आला. आवाज इतका आनंदी की आधी ओळखलाच नाही. "मॅडम, राग सोडा माझ्यावरचा. परत आमचाच संघ निवडला! दोन मिनिटांत आमचं गानं फिट्ट बसतंय. काय जोडायला नको, काय काढायला नको. संगीतकार पन म्हनाला, असंच ठेवा."

गाणं तेच, बाई तीच, शेतं पाचच. ज्या गाण्याला त्यांनी कमी म्हणून हाकललं, त्यालाच आता बरोब्बर म्हणत होते, आणि तेही ते न ऐकताच. ते बोलून दाखवायचं माझ्या अगदी ओठांवर होतं. पण पलीकडे ती हसत होती. मी म्हटलं, "छान गा. विमानात खिडकीजवळची जागा माग."

मागे गडबड ऐकू आली, आणि फोन हिराबाईंनी घेतला.

"बाई, बरं हाय न्हवं? एक विचारायचं व्हतं. यंदा तीनाचं दोन केलं. पुढल्या साली दोनाचं एक केलं, तर माळ काढायला सांगतील का हो, का विहीर?"

रिसीव्हर कानाला लावून मी बोटांवर शेतं मोजू लागले: खडकी, पाणथळ, बाभळीचं.